ॲट लिस्ट म्हणजे किती

बायको गेली त्या दिवशी अंगणात माणसं मावेनात. आमच्याकडे मयताच्या घरी आलेला माणूस चार शब्द बोलून उठतो, नुसता बसून गेला तर लोक नावं ठेवतात. पण बोलणार काय? म्हणून सगळे एकाच शब्दाला लटकत होते. निदान. निदान तुझ्या डोळ्यांसमोर गेली. निदान भात झोडून झाला होता. निदान नातीचं तोंड बघून गेली. मी मान हलवत होतो. मग कल्याणहून तिच्या माहेरचा कोणी लांबचा पाहुणा आला. पायातले बूट काढता काढता तो मला म्हणाला, "काका, ॲट लिस्ट त्यांना त्रास तरी झाला नाही."

मी म्हटलं, "मला झाला ना."

तो एक बूट हातात धरून तसाच उभा राहिला. माझ्या मुलानं मला कोपरानं ढोसलं. माझी मेव्हणी, म्हणजे बायकोची धाकटी बहीण, पदरात तोंड घालून रडत होती, ती त्या पदरातच हसली. तिचे खांदे वेगळे हलले, ते मला बरोबर कळलं. मोठी बहीण पण अशीच हसायची.

तेव्हा तो शब्द मी नीट ऐकला. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. माझं इंग्रजी एसटीतून आणि दवाखान्यातून आलेलं. स्टॉप, पास, टाइम, रिपोर्ट, ऑक्सिजन. हा शब्द त्यात नव्हता. पण एकदा कानात शिरला आणि मग जिकडं तिकडं तोच दिसायला लागला.

सगळ्यात जास्त माझ्या मुलाच्या तोंडात. तो शहापूरला फ्लॅट घेऊन राहतो, तिथून कामाला जाऊन येऊन करतो. तेराव्याला पाहुणे पांगले तसा माझ्यासमोर येऊन बसला. "बाबा, आता इथं एकटं राहायचं नाय. शहापूरला चला."

"नाय."

"बरं, कायमचं नको. ॲट लिस्ट पावसाळाभर तरी."

"नाय."

तो गेला. मग फोन सुरू झाले. ॲट लिस्ट महिन्यातून एकदा या. मी म्हटलं नाय. ॲट लिस्ट एखाद्या रविवारी जेवायला या. नाय. ॲट लिस्ट बीपीची गोळी तरी घेता का? बघतो. मग शेवटी तर, "बाबा, ॲट लिस्ट फोन तरी उचलत जा." मी म्हटलं, उचलला म्हणून तर बोलतोस.

एकदा फोन नातीनं घेतला. ती इंग्रजी शाळेत आहे. तिला म्हटलं, बाय, तुझा बाप सारखं ॲट लिस्ट, ॲट लिस्ट करतो, ते असतं तरी काय?

"आजोबा, ॲट लिस्ट म्हणजे निदान. कमीत कमी. ह्याच्यापेक्षा कमी चालणारच नाही, असं."

"मग तुझा बाप आज म्हणतो ह्याच्यापेक्षा कमी चालणार नाय, आणि आठ दिवसांनी त्याच्यापेक्षा कमी मागतो. ते कसं?"

ती म्हणाली, "ते मला नाही माहीत. आमच्या परीक्षेत एवढंच येतं."

परीक्षेत येत नसेल, पण मला त्यातलं कळत होतं. मी शेतकरी, पण अर्धं आयुष्य म्हश्याच्या बैलबाजारात गेलं. पौषात जत्रा भरली की माझे बैल बदलायचे असोत नसोत, गावातला कोणी ना कोणी मला बोलवायचाच. चल रे, तुझी जीभ पायजे. जीभ म्हणजे बोलायला नव्हे, गप्प ठेवायला. बैलाच्या सौद्यात आपलं कमीत कमी काय आहे ते तोंडातून काढायचं नसतं. बायकोला सांगायचं नाही, भावाला सांगायचं नाही. ज्यानं आपलं कमीत कमी आधी सांगितलं, त्याचा बाजार उठला. समोरचा तिथूनच खाली ओढायला लागतो.

आणि माझा मुलगा बघा. पहिल्या वाक्याला कमीत कमी. मी म्हटलं, ह्या पोराला इंग्रजी शिकवलं पण सौदा शिकवला नाही. आधी कायमचं, मग पावसाळा, मग रविवार, मग नुसता फोन. मी काही न करता हा एकटाच उतरत चाललाय. मला गंमत वाटायला लागली. खरं सांगतो, ती गेल्यावर मला पहिली मजा वाटली ती ह्याचीच. फोन ठेवला की मी स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणायचो, "बघ गो, तुझा लेक आणखी उतरला. अजून जरा ताणलं तर फुकट सुटतो मी."

हे जे म्हणायचो, ते मोठ्यानं. आणि इथंच खरी अडचण होती, ती मी कोणाला सांगितली नव्हती.

मी तिच्याशी बोलतो. मनात नव्हे, तोंडानं. बोलतो म्हणजे भांडतो. विळा कुठं ठेवलास? मिठाच्या बरणीचं झाकण एवढं आवळून कशाला लावून गेलीस, माझ्या हातांत आता जोर आहे का? वाल कोण सोलणार? ती मेली म्हणून तिची चूक माफ, असं काही नाही. चाळीसच्या वर वर्षं आम्ही रोज भांडलो, ते एकदम बंद करून मी गोड बोलायला लागलो तर तिलाच वाटेल ह्याला काही तरी झालं. माझं घर टोकावड्याच्या पुढं शेतात आहे, शेजार लांब. मी ओरडलो तर कोंबड्या उडतात, दुसरं काही होत नाही.

आता हे शहापूरच्या फ्लॅटात कसं करायचं? तिच्या दवाखान्याच्या वेळी राहिलो होतो तिथं. तिसरा मजला. मी शिंकलो तर समोरच्या दारातनं माणूस डोकावायचा, "सगळं ठीक आहे ना काका?" तिथं मी बरणीच्या झाकणावरनं मेलेल्या बाईला शिव्या दिल्या तर सोसायटीची मीटिंग भरेल. सून बिचारी घाबरेल. मुलगा डॉक्टरकडं नेईल. म्हणून नाय. पण हे कारण सांगायचं कोणत्या तोंडानं? मी आपला नुसता नाय म्हणत राहिलो आणि तो आपला उतरत राहिला.

दरम्यान तो शब्द मला लागला तो लागलाच. घरात बोलायला कोणी नाही म्हटल्यावर मी सगळ्यांवर वापरून बघायला लागलो. कोंबडीला म्हटलं, "खातेस एवढं, ॲट लिस्ट एक अंडं तरी घाल." ती तेव्हा बसूनच होती, उठून गेली. मुरबाडहून येताना एसटीत कंडक्टरला म्हटलं, "ॲट लिस्ट टोकावड्याला तरी थांबव." तो म्हणाला, "बाबा, ही टोकावड्यालाच थांबते. बसा गप." किराणावाल्याला म्हटलं, ॲट लिस्ट चहा पावडर ताजी दे. तो म्हणाला, आणि बाकीचं शिळं चालेल का?

वापरता वापरता मला त्या शब्दाची खोडी कळली. एखादी गोष्ट नुसती मागितली तर भीक मागितल्यासारखं वाटतं. तीच गोष्ट ॲट लिस्ट लावून मागितली की हक्क मागितल्यासारखं वाटतं. जशी काही बाकीची मोठी मागणी आपण उदार होऊन सोडून दिली आणि ही एवढीशी तुमच्याकडं राहिलीय. आपल्या निदानात तेवढा ताठा नाही. निदान म्हणताना माणसाचा आवाज खाली जातो. ॲट लिस्ट म्हणताना मान वर होते. गावातल्या पोरांनी माझं नावच ॲट लिस्ट आजोबा पाडलं. मी म्हटलं पाडा, ॲट लिस्ट आजोबा तरी म्हणता.

पौष लागला. जत्रेच्या आदल्या दिवशी मेव्हणीचा वैशाखऱ्याहून फोन आला.

"भावोजी, उद्या म्हश्याला यायचं."

"कशाला? ती नाय, आणि बैल पण नायत. मी काय करू तिथं?"

"ताई नाय म्हणून जत्रा भरायची थांबली नाय. मला पाळण्यात बसायचंय. माझ्या नवऱ्याला खालनं बघूनच चक्कर येते. ॲट लिस्ट तुमी तरी चला."

"हा शब्द तुला कोणी शिकवला गो?"

"तुमीच. ह्या पट्टीतल्या सगळ्या गावांना रोग लावून ठेवलाय, आणि वर मला विचारतात."

सकाळी ती घाटाकडनं येणाऱ्या एसटीत बसून आली, टोकावड्याला मी चढलो. तिनं माझ्यासाठी खिडकी धरून ठेवली होती आणि तिथं बसायला बघणाऱ्या माणसाशी त्यावरून भांडत होती. मुरबाडला उतरून जत्रेची जादा गाडी धरली. म्हश्याला पोचलो तर धूळ, घोंगड्यांचे ढीग, जिलेबीचा धूर, आणि लांबनं बैलांच्या घंटा. दर साली ह्या ठिकाणी बायको म्हणायची, तुमी तुमच्या बैलांकडं मरा, मी पाळण्याकडं जाते. आणि मग पाळण्यात मला घेऊनच बसायची. वर जाताना देवाला हाका मारायची आणि खाली येताना मला शिव्या द्यायची. देवाचा काही दोष नसायचा, खाली पडायला मीच कारण.

मेव्हणीनं मला विचार करू दिला नाही. मनगट धरून सरळ पाळण्याच्या रांगेत. मोठा लोखंडी पाळणा, मोटरीवर फिरणारा. पाळणेवाला म्हणाला, "आजोबा, हार्टचं काय नाय ना?" ती म्हणाली, "आहे ना. तुटलंय. तू दांडी लाव."

पाळणा वर गेला. जत्रा खाली गेली. बैलांच्या ओळी, तंबू, माणसांची डोकी, सगळं ताटात वाढल्यासारखं पसरलं. मग वरच्या टोकाला तो क्षणभर थांबल्यासारखा झाला आणि सुटला. माझं पोट वर राहिलं, मी खाली आलो. मेव्हणी किंचाळली, "भावोजी, ॲट लिस्ट माझ्या अंगावर ओकू नका!" आणि मी हसायला लागलो. असा हसलो की आवाज निघेना. टोपी उडाली. ती उडताना मी बघितली, पांढरी, मजेत चाललेली, घोंगडीवाल्याच्या छपरावरनं पलीकडं. त्यावर मेव्हणी हसली, ती हसली म्हणून मी आणखी. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. पहिलं हसण्याचं होतं, नंतरचं कसलं होतं ते मला माहीत आहे. पण त्या वाऱ्यात सगळ्यांच्याच डोळ्यांतून पाणी येतं, कोणाला फरक कळत नाही. पाळण्याचा हा मोठा फायदा.

दुसऱ्या फेरीला खाली आलो तर तिकिटाच्या खोक्याजवळ एक माणूस माझी टोपी हातात घेऊन उभा. माझा मुलगा.

"बाबा!" तो ओरडला.

आम्ही वर गेलो. पुन्हा खाली आलो.

"हे काय चाललंय?"

मी सांगणार तोवर पुन्हा वर. वरनं ओरडून सांगितलं, "पाळणा चाललाय!" ते त्याला ऐकू गेलं नाही. खाली आलो.

"वय काय तुमचं!"

वर. खाली.

"ॲट लिस्ट दांडी तरी धरा!"

मी दांडी सोडून दोन्ही हात वर केले. पोरं ओरडली. मेव्हणीनं माझ्या सदऱ्याची कॉलर धरली. मुलानं टोपी डोक्यावर आपटून घेतली, माझी टोपी, स्वतःच्या डोक्यावर, आणि तो तसाच उभा राहिला. एवढा कंपनीत जाणारा माणूस, गळ्यात सवयीनं अडकवलेलं ओळखपत्र आणि डोक्यावर म्हाताऱ्याची टोपी. पुढच्या फेरीला मी नुसतं त्याच्याकडं बोट दाखवलं. तो पण हसला. हसायचं नव्हतं त्याला, पण हसला.

उतरल्यावर जमीन हलत होती. मेव्हणी म्हणाली, "मीच बोलावलं त्याला. काय ओरडायचं ते मला ओरडा." आणि ओरडायच्या आत गोडीशेव घ्यायला म्हणून गर्दीत शिरली. ती लबाड आहे.

मुलगा म्हणाला, "बाबा, मी सुट्टी टाकून आलोय. मोटरसायकल आणलीय. ॲट लिस्ट आज तरी आमच्या घरी चला. फक्त आज."

मी मनात म्हटलं, नुसत्या फोनवर उतरलेला पुन्हा वर चढला वाटतं. गिऱ्हाईक परत आलं. मी त्याला बैलबाजाराकडं घेऊन गेलो. मुद्दामच नेलं. तिथं माझं राज्य.

एका चिंचेखाली माझ्या ओळखीचा जुना दलाल घोंगडी टाकून बसला होता. माझ्याच वयाचा, आवाज मात्र अजून अख्ख्या बाजाराला पुरेल एवढा. मला बघून म्हणाला, "अरे म्हाताऱ्या, कळलं मला. वाईट झालं. बस." एवढंच. निदान बिदान काही नाही. मला तो माणूस आवडतो. मुलाला म्हणाला, "जा रे, तीन रस घेऊन ये, बर्फ नको."

मुलगा उसाच्या रसाच्या गाड्याकडं गेला तसं मी दलालाला सगळी हकिकत सांगितली. मोठ्या मिजाशीत सांगितली. पोरगा कसा कायमच्यापासून सुरू झाला, पावसाळ्यावर आला, रविवारवर आला, फोनवर आला. मी कसा एका शब्दानं पण हललो नाही. "कमीत कमी, कमीत कमी म्हणत एकटाच उतरतोय. सौदा म्हणून कळत नाय पोराला."

दलालानं तंबाखू मळणं थांबवलं.

"आणि तुला कळतो?"

"म्हणजे?"

"अरे येड्या, ज्याला बैल नको असतो तो एकदा बोलतो आणि चालायला लागतो. जो पुन्हा पुन्हा परत येतो, आणि दर वेळी आपलाच बोल आपणच मोडतो, तो कोण असतो? तो घेतल्याशिवाय घरी जाणारा नसतो. त्याच्या गोठ्यात दावं रिकामं झालेलं असतं. इतकी वर्षं बाजार केलास आणि गरजू गिऱ्हाईक ओळखता येत नाय तुला?"

अशी गिऱ्हाइकं मी शेकड्यांनी पाहिली होती. लांबून चालीवरून ओळखायचो. आणि घरातलं ओळखलं नाही. मला वाटत होतं दावं माझंच रिकामं झालंय.

मुलगा तीन ग्लास दोन हातांत धरून, रस सांडत आला. दलालानं त्याला समोर बसवलं. "हात दे. बापाच्या हातात दे." आणि खांद्यावरचा टॉवेल आमच्या हातांवर टाकला.

ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांना सांगतो. सौदा टॉवेलाखाली होतो. दोघांनी एकमेकांची बोटं धरायची. एक बोट म्हणजे एक, दोन म्हणजे दोन, अख्खा पंजा धरला की पाच. वर तोंडानं बैलाचे दात, शिंगं, पाऊसपाणी काय वाटेल ते बोलायचं, खरी बोली खाली हातात. बाजूला उभा असेल त्याला काही कळत नाही.

"पावसाळा धरून बोला," दलाल म्हणाला. "महिने किती ते बोटानं सांगा."

मी मुलाचं एक बोट धरलं. एक महिना. नाय नाय म्हणणारा मी एका महिन्यापर्यंत आलो हेच खूप झालं, असं मला वाटत होतं. त्याला बोटांच्या बोलीतलं काही माहीत नव्हतं. त्यानं माझा अख्खा पंजा धरला.

दोन-चार माणसं गोळा झाली. त्यांना वाटलं बैल चाललाय. एकानं विचारलं, "जोडी कुठं बांधलीय?"

दलाल म्हणाला, "जोडी नाय, एकच आहे. जोडीचा गेला. दात थोडे राहिलेत, चालतो बरा, लाथ मारतो, आणि डोकं फिरलेलं आहे."

"मग घेतो कोण?"

"हा बघ ना, हा घ्यायला बसलाय." मग मला म्हणाला, "काय म्हणतो पोरगा?"

"पाच म्हणतो."

मुलगा म्हणाला, "मी काय नाय म्हटलं. मी नुसता हात धरलाय."

धरलाय म्हणजे कसा, ते मला खाली कळत होतं. माझ्या हातात किती माणसांचे हात येऊन गेले. थंड, कोरडे, बेरके, चुना लागलेले. हा हात घामानं भिजला होता आणि सोडत नव्हता. घरून सांगून पाठवलेला असतो ना, रिकामा परत येऊ नकोस म्हणून, तसा. पण ह्याला घरून सांगणारी तर गेली होती. हा आपल्या आपणच आला होता, कंपनीत सुट्टी टाकून, धुळीतून, बापाला पाळण्यातून उतरवायला.

बाजाराच्या हिशेबानं आता सगळं माझ्या हातात होतं. अशा गिऱ्हाइकाकडं काहीही मागावं, तो देतो. मी मागितलं. टॉवेलाच्या वर, तोंडानं.

"येतो मी पावसाळ्याला. पण मला घरात मोठ्यानं बोलता आलं पायजे."

"बोला की. तुम्हाला अडवलंय कोणी?"

"तुझ्या आयशीबरोबर."

बघणाऱ्यांतला एकजण हळूच सटकला. मुलानं मान खाली घातली आणि टॉवेलाकडं बघत राहिला. मला वाटलं झालं, आता हा डॉक्टरचं नाव काढणार.

"मी पण बोलतो," तो म्हणाला.

"कुठं?"

"मोटरसायकलवर. कामावरनं घरी येताना. हेल्मेटात. बाहेर ऐकू जात नाय."

"काय बोलतोस?"

"तुमच्या तक्रारी करतो. फोन उचलत नाय, गोळी घेत नाय, यायला तयार नाय."

"आणि ती काय म्हणते?"

"ती तुमची बाजू घेते."

"खोटं बोलतोस," मी म्हटलं. "जिवंत असताना तिनं कधी माझी बाजू घेतली नाय."

दलाल असा हसला की त्याच्या ग्लासातला रस घोंगडीवर. त्याच्यामागं बघणारे हसले, कशावर ते कळलं नसताना. मुलगा हसत होता आणि नाक पुसत होता. त्याच वेळेला मेव्हणी गोडीशेवेचा पुडा घेऊन आली, आमचे टॉवेलाखालचे हात बघून म्हणाली, "अगं बाई, भावोजींना विकलं की काय? मला विचारलं पण नाय!"

"विकलं," दलाल म्हणाला. "पावसाळा पोराकडं, उन्हाळा-हिवाळा घरी. हाक मारायला मोकळा." विकलेल्या बैलाच्या पाठीवर गुलाल टाकतात तशी त्यानं पुडी सोडली आणि मूठभर गुलाल माझ्या उघड्या डोक्यावर ओतला. टोपी अजून मुलाच्या डोक्यावरच होती. मेव्हणीनं राहिलेला गुलाल स्वतःच्या हातानं माझ्या पाठीवर थापला आणि जोरात थापला, तिचा पण काही हिशेब असावा.

तिला आम्ही घाटाच्या एसटीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाली, "कोंबड्या कोंडायला शेजारणीला मी सांगते फोन करून. तुमी जा." म्हणजे तिनं आधीच सगळं ठरवलं होतं.

ऊन कलायला लागलं होतं. सरळगावच्या नाक्यावर मुलानं गाडी थांबवली. तिथून एक रस्ता टोकावड्याला, माझ्या घराकडं जातो, दुसरा किन्हवलीवरून शहापूरला. त्यानं विचारलं नाही. पाय टेकून नुसता उभा राहिला. पावसाळा तर लांब होता, सौद्याप्रमाणं मी घरी जायला मोकळा होतो.

"चल शहापूरला," मी म्हटलं. "नातीला गोडीशेव द्यायचीय."

त्यानं हेल्मेट काढलं आणि माझ्या गुलालाच्या डोक्यावर घातलं. "तुम्ही घाला. माझं सकाळी येताना बोलून झालंय."

आतून सगळं जग गप्प झालं. मी हळूच खोकलो, तर तो खोकला माझ्याच कानात एवढा मोठा वाजला की दचकलो. मग मी तिला सांगायला सुरुवात केली. आधी पाळण्याचं. मग टोपीचं. तुझ्या बहिणीनं मला पाठीत कसं मारलं ते. बरणीच्या झाकणाचं तर सांगितलंच, ते काही मी सोडणार नव्हतो. पुढं मुलाची पाठ हलत होती, गाणं म्हणत होता की हसत होता, कोण जाणे. रस्त्याच्या कडेला उभी बाई गुलाल सांडणाऱ्या हेल्मेटाकडं बघत राहिली. मी तिला हात केला.

किन्हवलीच्या आधी एका वळणावर मुलानं मान वळवली आणि ओरडून विचारलं, "काय म्हणते आई?"

मी काच वर केली. वारा आत शिरला.

"गाडी हळू चालव म्हणते!"

त्यानं गाडी हळू केली.